चार मिनिटांची ठोकाठोक

"तोंडात खिळे आहेत तिच्या! बोलेल कुठून?"

नायिकेला आवाज देणाऱ्या काकूंनी स्टँडवरचा कागद ओढला आणि काचेवर आपटला. काचेपलीकडच्या दिग्दर्शकाने हेडफोन कानापासून दोन बोटं लांब धरला. आवाज नको म्हणून डबिंगच्या खोलीतला एसी बंद होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. राग बाहेर जायला फटसुद्धा नव्हती.

"काकू, या शॉटमध्ये ती पाठमोरी आहे. खिळे दिसतच नाहीत."

"म्हणजे काय, गिळले?"

पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, ही या धंद्यातली सोय. ओठ दिसत नाहीत ना, मग कोंबा तिथे राहिलेली माहिती, नाहीतर एखादा विनोद. काकूंनी स्वतः हे शेकडो वेळा केलं होतं, चहाचा कप हातात धरून केलं होतं. पण हा सिनेमा निराळा होता. जुना, काळापांढरा, घोडेवाल्या बंदूकबाजांचा. त्याच्या स्वतःच्या देशातही आठवडाभर टिकला नव्हता म्हणे. चॅनलला तो इतर सिनेमांच्या गठ्ठ्यात मिळाला होता. काकूंनी तयारीसाठी म्हणून घरी लावला आणि चार दिवस लावतच राहिल्या. शेवटी नवरा म्हणाला, "आता ते घोडे दाराशीच बांध."

"तू गेलास तर मी कशी जगू!" काकूंनी कागदावरची ओळ नाकात वाचून दाखवली. "अहो, नवऱ्याला पुरून दुसऱ्या दिवशी विहीर उपसायला उतरलेली बाई ही. अख्ख्या सिनेमात या हिरोला एकदा नावाने हाक मारत नाही. आणि आता कुंपणाशी उभी राहून रडगाणं गाणार?"

"चार मिनिटं नुसती ठोकाठोक आहे, काकू. लोकांना वाटेल टीव्हीचा आवाज गेला. दोघांचं प्रेम आहे हे कळायला नको?"

"तुम्हाला कळलं नाही?"

दिग्दर्शकाने घड्याळाकडे बघितलं.

"तो तिचं कुंपण ठोकतोय. हिच्या ओठांत खिळे. तो न बघता हात मागे करतो, ही त्यावर खिळा ठेवते. पाचदा. सहाव्या वेळी लवकर देतच नाही. का? शेवटची फळी आहे. ती ठोकली की तो घोड्यावर बसून जाणार. मग तो वळतो का? मागतो का? हात तसाच पसरून उभा राहतो. त्या हाताला माहीत आहे ती किती लांब उभी आहे ते. असं जमलेली दोन माणसं शोधून दाखवा मला तुमच्या रंगीत सिनेमांत! आणि त्यावर तुम्ही हे फडकं चिकटवणार?"

शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला. आवाजावर पोट असलेल्या बाईचा आवाज चिरकला, म्हणून त्या आणखीच भडकल्या.

"परवा द्यायचाय सिनेमा," दिग्दर्शक अगदी गोड बोलला. "तुम्हाला जमत नसेल तर उद्या दुसऱ्या बाईंना बोलावतो. मग सुरुवातीपासून त्यांचाच आवाज लागेल."

म्हणजे दोन दिवसांचं काम पुसलं जाणार. पुढच्या सिनेमाला फोनही येणार नाही.

काकू शेजारी वळल्या. तिथे मास्तर उभे होते. हिरोचा आवाज. वीस वर्षं दोघं एकाच माइकसमोर.

"तुमची काय दातखीळ बसलीय? तुमची ओळ वाचलीत? काळीज इथे ठेवून जातोय म्हणे! कालपासून कागद आहे तुमच्याकडे."

"वाचली."

"मग?"

"तुम्ही चिडणार हे माहीत होतं. म्हटलं, दोघांनी कशाला घसा बसवायचा."

हे नेहमीचंच. भांडायचं काकूंनी आणि भांडण मिटल्यावरचा चहा प्यायचा मास्तरांनी. आज त्यांच्या ओळीनंतर सरळ निघून जायचं, दार असं आपटायचं की रेकॉर्डिंगमध्ये राहील, हे काकूंनी ठरवून टाकलं.

"टेक," दिग्दर्शक म्हणाला. लाल दिवा लागला.

पडद्यावर हातोडा पडू लागला. पहिला खिळा. पहिली ओळ मास्तरांची होती. जागा आली. मास्तर बोलले नाहीत. काकूंनी बघितलं, तर ते हातातला कागद बेताने, जराही न वाजवता, घडी घालून खिशात ठेवत होते. दुसरा खिळा. तिसरा.

"मास्तर, ओळ! ओळ घ्या!" हेडफोनमध्ये दिग्दर्शक ओरडला. मास्तरांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

सहाव्या खिळ्याला पडद्यावरचा हात तसाच राहिला. काकूंनी श्वास रोखला. मग खिळा, हातोडा, फळी.

दिवा विझला.

"हे काय होतं?"

"तो बोलला नाही," मास्तर म्हणाले. "मी कसा बोलू?"

दिग्दर्शकाने पेन टेबलावर फेकलं. "उद्या दोघांनीही येऊ नका." मग शेजारी बसलेल्या रेकॉर्डिस्टला, "पुढचा सीन लाव."

रेकॉर्डिस्ट निवृत्तीला टेकलेला माणूस. आयुष्यभर पडद्याकडे नाही, आवाजाच्या रेषेकडे बघत आलेला. त्याने बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा पहिला खिळा आला.

"अहो, पुढचा म्हटलं मी!"

"हो सर." त्याने चष्मा वर सरकवला. "एवढं बघतो आणि लावतो."

ठोकाठोक सुरू झाली. दिग्दर्शकाने ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात पडद्यावरचा हात मागे आला, आणि दिग्दर्शकाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पर्स घेऊन काकू दारापर्यंत पोचल्या होत्या.

"हात नका बघू हो!" त्या तिथूनच खेकसल्या. "तिच्या पाठीकडे बघा, पाठीकडे!"