डीजेच्या गाडीमागे

नांदूरघाटला दिराच्या लग्नात पंचशीलाची सहा वर्षांची सम्यका दिसेनाशी झाली. पोर जन्मापासून बहिरी. हाक मारून उपयोग नव्हता. घाबरलेली पंचशीला मांडवभर धावली. पोर सापडली डीजेच्या गाडीमागे, माणसाएवढ्या स्पीकरला मिठी मारलेली. "ओढ तिला, कान फुटतेल पोरीचे!" सासू ओरडली. पंचशीला पोरीचा दंड धरायला गेली आणि थबकली. सम्यकाचे डोळे मिटलेले होते, गाल स्पीकरला टेकलेला आणि बोटं ठेका धरत होती. एकही ठोका चुकत नव्हता. गाणं संपलं. पोरीने दचकून डोळे उघडले, आईचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि खुणेने विचारलं, इथलं कुठं गेलं? पोर बहिरी म्हणून पंचशीलाने घरात गाणं लावणंच सोडलं होतं. ती डीजेवाल्याकडे गेली. "दादा, तेच परत लावा. माझ्या लेकीला गाणं आवडलंय."