पहिली आलेली नाव

कुणी मागून धरून ठेवावी तशी नाव एकाएकी अडली. शिडात वारं गच्च भरलेलं, डोलकाठी करकरत होती, आणि नाव मात्र जागची हलेना. सुकाणूवर बसलेल्या त्रिवेणीनं वाकून पाहिलं. नावेच्या पोटाखालच्या फळीत मासे धरायचं जाळं गुंतलं होतं. जाळ्याला बांधलेल्या रिकाम्या बाटल्यांची रांग पाण्यावर डुचमळत होती. बरंच लांब, थर्माकोलच्या तराफ्यावर लिंबाजी गुडघ्यांवर उठून दोन्ही हात हलवत होता.

येलदरीच्या धरणात त्रिवेणी आणि तिचा नवरा शिवकांत दर रविवारी नाव सोडायचे. आपली जाळी कुठं आहेत ते हाच लिंबाजी त्यांना ओरडून सांगायचा. आज शर्यतीच्या घाईत त्याच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

"फळी वर वढा," त्रिवेणी म्हणाली. "जाळं आपोआप सुटंल."

"अन् तवर? आदिनाथ बघ कुठवर आलाय!" शिवकांतनं कमरेचा चाकू काढला.

"अहो, काय करायलाव? कापू नका!"

दोन-चार झटक्यांत जाळं तुटलं. नाव उसळून पुढं निघाली. हाताला लागलेली माशांची बुळबुळ शिवकांतनं "शी!" करून पाण्यात खळबळून टाकली. मागं जाळ्याचा तुटका अर्धा भाग बाटल्यांसकट वाऱ्याबरोबर वाहू लागला.

शेवटच्या बोयापाशी, खुणेच्या तरंगत्या पिंपापाशी, त्यांची नाव पहिली पोचली. मागोमाग पिंगळीच्या आदिनाथ मास्तरांचं निळं शीड. काठावरून शिट्टी वाजली तशी त्रिवेणी आनंदानं ओरडली. जिंतूरच्या बाजारात आठवडाभर कापड फाडायचं, दुकानाच्याच मशीनवर शिडाला ठिगळं लावायची, आणि इतक्या वर्षांत पहिला नंबर आज. ओरडली, आणि मग तिला लिंबाजीचे हलणारे हात आठवले.

काठावर मांडव घातला होता. पाहुणे येऊन बसले होते. नावा ओढून लावत होते तेवढ्यात हातांनी पाणी कापत लिंबाजीचा तराफा काठाला आला. जाळ्याचं उरलेलं टोक त्याच्या खांद्यावर होतं.

"मालक, माझं जाळं कुण्या नावंनं तोडलं? लांबून उन्हाच्या तिरपीत शीड वळखू आलं न्हाई."

"आमच्या न्हाई," शिवकांत म्हणाला. शीड गुंडाळताना त्याचा हातसुद्धा थबकला नाही. "त्या निळ्या शिडाला इचार. ती नाव तिकडूनच गेली."

आदिनाथ मास्तर तोंड उघडं टाकून बघत राहिले. लिंबाजी त्यांच्याकडं वळला. त्रिवेणीनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. गिऱ्हाइकाला रंग पक्का आहे म्हणून सांगताना असायचा तसाच तो चेहरा होता. शांत, हसरा. इतकी वर्षं हा चेहरा आपण उशाशी घेऊन झोपलो, असं तिच्या मनात आलं.

"लिंबाजीमामा, मास्तरांला बोलू नका," ती म्हणाली. "आमच्याच नावंत अडकलं. यांनी कापलं."

"डोकं हाय का तुला?" शिवकांत दातांतून बोलला. "पाहुणे बसल्यात."

शर्यत भरवणारे दत्तराव लगबगीनं आले. त्रिवेणीनं त्यांना सगळं सांगितलं. "आमाला बाद करा," ती म्हणाली. "मास्तरांचा पहिला नंबर."

"वहिनी, जाळी तर रोजच तुटतेत," दत्तराव हसले. "बोया सोडला, दुसऱ्या नावंला धक्का दिला, तर बाद. मच्छीवाल्याचं नियमात कुठं काय हाय? हो का न्हाई, मास्तर?"

मास्तरांनी पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरला. "जाऊ द्या ताई," ते म्हणाले. "फुडच्या रविवारी पुन्हा इथंच यायचंय सगळ्याला."

त्रिवेणीला त्या मांडवाची, हारांची, मास्तरांच्या अंगठ्याची किळस आली. मघाच्या स्वतःच्या ओरडण्याचीही आली.

"बाकीचं जाळं कुठंय, मामा?" तिनं विचारलं.

लिंबाजीनं धरणाच्या मधोमध बोट केलं. "वाऱ्यानं चाललंय. फुडं बुडालेलं बाभळबन हाय. त्यात घुसलं की गेलं. तराफ्यावर मी कवा पोचावं?"

तिनं शीड पुन्हा वर चढवलं आणि नाव पाण्यात ढकलली. "बसा."

"पाय चिखलाचे हायेत, ताई."

"नाव धुता येती. बसा."

"त्रिवेणी!" शिवकांत मागून ओरडला. तिनं वळून पाहिलं नाही.

वारं अजून चांगलं होतं. लिंबाजी डोलकाठी धरून अंग चोरून बसला होता आणि लांबवर बाटल्या शोधत होता. काठ बराच मागं पडला, तरी भोंग्याचा आवाज पाण्यावरून स्वच्छ येत होता.

"प्रथम क्रमांक, आपल्या जिंतूरचे शिवकांतभाऊ आणि त्रिवेणीवहिनी!"

टाळ्या वाजल्या. मग दत्तरावांनी विचारलं, "वहिनी कुठायत?"

"तिला जरा मळमळायलंय," भोंग्यातून शिवकांतचा हसरा आवाज आला. "म्हणून एकटाच आलो."

लिंबाजी दचकून वळला. "ताई, खरंच मळमळायलंय का तुमाला? फिरवा नाव. जाळ्याचं ऱ्हाऊ द्या."

त्रिवेणीनं सुकाणू होतं तसंच धरून ठेवलं.

"मळमळायलंय, मामा," ती म्हणाली. "आज तेवढं एकच खरं बोललेत ते."