पायरीचा धोंडा

कानडी मुलखात आनेकलजवळच्या त्या वस्तीची एक जुनी रीत होती. सरपणाला रानात शिरताना कडेच्या सपाट धोंड्यावर हिरवी डहाळी ठेवायची आणि परतताना ज्याची त्यानं उचलायची. तिन्हीसांजेला धोंड्यावर डहाळी दिसली, की कुणीतरी अजून आत आहे, हे वस्तीला कळायचं.

नव्वदनंतर रानाला तारेचं कुंपण पडलं. आत जायला बंदी आली, माणसं कारखान्यांत लागली, घरोघरी गॅस आला. नरसिंहरावांनी नवं घर बांधलं, तेव्हा तो धोंडा उचलून आणला आणि दाराची पायरी केली.

"अक्का, नुसता पडून होता तिथं," ते थोरल्या बहिणीला, गोदूबाईंना, म्हणाले.

वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसिंहरावांच्या बायकोला, संपदाला, पायरीवर धावड्याची ओली डहाळी दिसली. धावडा आता कुंपणापलीकडेच उरला होता. पोरांचा चाळा समजून ती डहाळी केरात टाकणार, तोच गोदूबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे. ज्याची त्यानं उचलायची असते."

दुपारपर्यंत पायरीवर डहाळ्यांचा ढीग झाला. दोघी दारातच तांदूळ निवडत होत्या, पण ठेवताना कुणी दिसलं नाही.

अंधारून आलं. डास येतील म्हणून संपदा दार लावायला उठली.

"स्वल्प थांब," गोदूबाई हलकेच म्हणाल्या. "एकही उचललेली नाही अजून. सगळे आतच आहेत."

संपदाचा हात कडीवरच राहिला. घरात दिवा लावायचा होता. पण दोघी तशाच उंबऱ्यात बसून राहिल्या, बाहेर तोंड करून.