कंबरेइतकी भिंत

श्वेता दारातच थांबली. नागपूरला निघताना हॉल आणि किचनमधली भिंत कंबरेइतकी होती, शेवटाला गोल वळवलेली. चार दिवसांत ती डोक्याच्या वर गेली होती. कोपरा पक्का काटकोनात. प्लास्टर अजून ओलं.

"वरचं काम माझ्याकडून, अक्का," मल्हारराव मिस्त्री आपल्या कानडी वळणाच्या मराठीत खुशीत म्हणाले. "दारातून सरळ किचन दिसत होतं. आल्या-गेल्याला घरचं खरकटं कशाला दाखवायचं?"

"आणि गोल कोपरा?"

"नकाशा काढणारा कंप्यूटर काय, काहीही वाकडं काढतंय. तीस वर्षं झाली, माझ्या हातून कोपरा चुकला नाही."

"मी वाकडाच मागितला होता. हे पाडा."

"मस्त झालंय की," बॅगा आत घेत तिचा नवरा सुशांत म्हणाला. "राहू दे ना. परत धूळ, परत महिनाभर भाड्याचं घर."

"पाडा," श्वेता म्हणाली.

"स्वल्प विचार करा, अक्का."

भिंत बुटकी आणि गोल का हवी, ते तिने मल्हाररावांना सांगितलंच नव्हतं. दर वेळी, दर माणसाला तेच सांगून ती कंटाळली होती. तिच्या लेकीला, भूमिकाला, ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. आधीच्या उंच भिंतीमागे आई स्वयंपाकाला गेली की सहा वर्षांची पोर गप्प व्हायची. आणि कोपऱ्यापलीकडून कोण येतंय ते तिला पावलांवरून कळत नाही. मागच्या वर्षी इथेच ती गरम वरणाच्या पातेल्यावर धडकली होती. दंडावर अजून डाग आहे.

महिनाभर नागपूरला आजीकडे राहिलेली भूमिका आत आली. मल्हारराव तिला पहिल्यांदाच बघत होते.

"ये पुट्टी, ये बाळा. नाव काय तुझं?"

ती घर बघत होती. त्यांनी परत विचारलं, जरा मोठ्याने. मग श्वेताकडे पाहिलं.

श्वेता भिंतीमागे गेली. भूमिका हॉलमध्ये वळली, हात उचलून काहीतरी सांगायला लागली, आणि समोर भिंत दिसल्यावर मध्येच थांबली. हात तसेच हवेत.

भिंतीमागून हातोडीचा घाव ऐकू आला. मग दुसरा. सुशांतने पुढे होऊन भूमिकाला मागे ओढलं.

मल्हारराव आत गेले. "द्या इकडे. असं मारून हात मोडेल." त्यांनी स्टुलावर चढून वरचा ब्लॉक सैल केला. "आणि कोपरा?"

"गोल."

"सरी. गोल तर गोल."

एकेक ब्लॉक खाली आला. आधी श्वेताचे केस दिसले, मग डोळे, मग हात. मल्हारराव हॉलच्या बाजूला आले आणि उरलेली रांग हलवून बघायला लागले. त्यांच्या पाठीमागे भूमिकाचे हात भराभर चालू झाले होते.

श्वेता हसली.

"काय म्हणते?" मल्हाररावांनी विचारलं.

"भूक लागली म्हणते. आणि म्हणते, या काकांना जरा बाजूला व्हायला सांग."

मल्हारराव बाजूला झाले.