फुंकर घालायची नाही

“मेणबत्ती आहे का हंडा?” बाबांच्या फोटोपुढचा गुलाबी ठोकळा बघून आईने विचारलं.

मन रमावं म्हणून मृदुला घरी मेणबत्त्या करायला लागली होती. साचा मिळेना, म्हणून बिस्किटांच्या डब्यात मेण ओतलं, वर आईच्या टिकल्या डकवल्या आणि पेटवलीही. आता जेवायला बाहेर जायचं, म्हणून ती विझवायला वाकली.

“फुंकर घालू नकोस! फोटोपुढची ज्योत आहे. आपली आपण शांत होऊ दे.”

“आई, ही परवापर्यंत जळेल!”

“मग बसू राखण करत.”

दोघी खिचडी घेऊन तिथेच बसल्या. बाबा गेल्यापासून आईने त्यांचा विषयही काढला नव्हता.

“तुझ्या बाबांनाही असंच अवाढव्य आणायची खोड,” आई अचानक म्हणाली. “लग्नानंतर पहिल्यांदा भाजीला पाठवलं, तर हा एवढा भोपळा! सासूबाई मलाच बोलल्या.” दोघी हसून लोळल्या.

तेवढ्यात ज्योत मेणात बुडायला लागली. मृदुला ताट खाली ठेवून पुढे सरकली. ती विझली की आई उठणार.

आईने केसांतला आकडा काढून वात वर उचलून धरली.

“बघतेस काय? वितळलेलं मेण ओतून टाक तिकडे. अजून आमची महाबळेश्वरची एसटी घाटात बंद पडायचीय.”