मेंढराचा कान

जवळजवळच्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द कुणी एकच समजलं, की नसरापूरच्या खासनीस मास्तरांचं डोकं फिरायचं. काश्मीरच्या लढाईवर गेलेल्या नवऱ्याबद्दल सरकारी तार भामाबाईला आली आणि सगळी धनगरवाडी रडायला लागली, तेव्हा मास्तरांनीच सगळ्यांना झापलं होतं, "अरे, 'मिसिंग' म्हणजे बेपत्ता. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे!" पुसायला घेतलेलं कुंकू भामाबाईनं तसंच ठेवलं.

त्याला सात वर्षं झाली. आज ती दुसरा सरकारी कागद घेऊन डोंगर उतरून आली होती. मास्तरांनी तो दोनदा वाचला.

"गेलं का त्ये?" तिनं विचारलं.

"तसं नाही, बाई. 'डेड' वेगळं आणि 'प्रिझ्यूम्ड डेड' वेगळं," मास्तर सवयीनं समजावू लागले. "मेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. इतकी वर्षं पत्ता नाही, म्हणून मेला असं धरून चालायचं."

"आमी दुसऱ्याची मेंढरं राखतो, गुर्जी. रानात एखादं मेलं, तर त्याचा कान कापून मालकाला दावावा लागतो. नुसतं 'मेलं असंल' म्हटलं, तर मालक दारात उबं करत न्हाई."

मास्तरांनी नकळत कागदाचं सरकारी पाकीट उलटं करून झटकलं. आत काहीच नव्हतं.

भामाबाईनं कागदाची घडी घातली. "तुमच्या पयल्या शब्दावर म्या सात वर्सं काढली, गुर्जी. ह्यो किती वर्सं पुरंल?"