बदललेली वस्तू

तापातून उठल्यापासून चिमी सगळं विसरायची, म्हणून डॉक्टरांनी एक खेळ सांगितला होता. तिने डोळे मिटायचे, आईने खोलीतली एकच वस्तू बदलायची, चिमीने ती ओळखायची आणि मग आईने ती परत जागेवर ठेवायची. आई रोजचा निकाल वहीत टिपून ठेवी. गेले नऊ दिवस चिमी एकदाही चुकली नव्हती.

आज जरा फिरकी घ्यावी म्हणून आईने कशालाच हात लावला नाही.

"उघडा डोळे, हुशारबाई!"

चिमीची नजर खोलीभर फिरली आणि आईवर येऊन थांबली. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई बदलली."

"चल, लबाड कुठली!"

"आईचा तीळ या गालावर होता." चिमीने स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

आईचा हात आपसूक उजव्या गालावर गेला. तीळ जन्मापासून तिथेच होता. हसतच तिने कपाटावरचा दोघींचा फोटो उचलला.

फोटोतल्या बाईचा तीळ डाव्या गालावर होता.

भिंतीला पाठ लावून चिमी रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी बरोबर ओळखलं ना? मग आता तिला परत ठेवा."